सुतळीच्या गाठी

आमच्या काकाजींच्या कोठ्यात, बैलांच्या दावणीपासून दूर, छताजवळच्या फळीवर फवारणीच्या औषधांचे डबे ठेवलेले असतात आणि प्रत्येक डब्याच्या गळ्याला सुतळी बांधलेली असते. सुतळीला गाठी असतात. एक गाठ म्हणजे झाडाच्या वाढीचे टॉनिक, दोन गाठी म्हणजे बुरशीवरचे औषध, आणि तीन गाठी म्हणजे जे हाताळल्यावर आंघोळ केल्याशिवाय कोणी भाकरीला हात लावायचा नाही ते कीटकनाशक. नवा डबा आला की काकाजी तो एकदा दुकानदाराकडून, दुसऱ्यांदा घरी सूनबाईकडून आणि तिसऱ्यांदा शाळेतून आलेल्या नातवाकडून वाचून घेतात. तिघांचे उत्तर जुळले तरच गाठ मारतात. जिथे चूक परवडत नाही तिथे एकच हिशेब तीन स्वतंत्र यंत्रणांकडून करून घ्यायचा आणि बहुमताने निकाल घ्यायचा, ही पद्धत मी वर्गात विमानातल्या संगणकांचे उदाहरण देऊन शिकवते. काकाजी बहुमतावर थांबत नाहीत, त्यांना एकमत लागते.

त्यांची दृष्टी काचबिंदूने गेली, त्याला आता २२ वर्षे झाली. डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस आतल्या आत करपत जाते, दुखतखुपत काही नाही, अंधार कडेकडेने येतो आणि मधले दिसणे बराच काळ टिकून राहत असल्यामुळे माणसाला आपले काही हरवते आहे हे कळतच नाही. वेळेवर कळले तर उरलेली दृष्टी औषधाने राखता येते, गेलेली परत येत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासातून चालताना बाजूचे तास दिसत नाही, असे ते दोन हंगाम सांगत होते आणि आम्ही सगळे त्याला उन्हाचा त्रास समजत होतो. ही चूक आमची होती आणि ती मी विसरलेली नाही.

कीटकनाशकाच्या डब्यावर उभ्या चौकटीचे एक चिन्ह छापलेले असते आणि तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही धोका कळावा म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण ती डोळ्यांसाठी आहे. बोटांना लाल आणि हिरवा त्रिकोण सारखेच लागतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या या गावातही भीती पसरली होती. काकाजींच्या गाठी त्याच वर्षीच्या आहेत.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमच्याकडे अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची यादी लागते तेव्हा तिच्यात अंधांसाठीची ‘स्मार्ट काठी’ नसेल असे एकही वर्ष मला आठवत नाही. काठीच्या मधोमध एक सेन्सर, हिशेब करणारी मायक्रोकंट्रोलर नावाची एक लहानशी चिप, खाली बॅटरी आणि मुठीजवळ एक बझर. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या दुप्पट उंचीचा आवाज सोडतो, समोरच्या वस्तूवर आपटून तो परत यायला किती वेळ लागला हे मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. तीन मीटरवरच्या भिंतीवरून आवाज परत यायला साधारण साडेसतरा मिलिसेकंद लागतात. सगळा खर्च हजार-दीड हजार रुपयांत बसतो, परीक्षकांसमोर प्रयोग हमखास यशस्वी होतो, कारण प्रयोगशाळेत समोर भिंतच असते. एखादा विद्यार्थी डोळ्यांवर रुमाल बांधून दाखवतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पुढच्या वर्षी ती काठी कपाटात मागच्या काठ्यांशेजारी जाऊन पडते. मीही अशा काठ्यांना चांगले गुण दिले आहेत.

तीन वर्षांपूर्वी एका गटातल्या मुलीने मला विचारले, “मॅडम, ही काठी खरंच कोणी वापरून पाहील का?” त्या प्रश्नाने मला इतका आनंद झाला की पुढच्याच रविवारी मी त्या तिघांना एसटीने गावी घेऊन गेले.

काकाजींनी काठी हातात घेतली, वजन पाहिले, मूठ चाचपली आणि ती घेऊन फाटकाबाहेर निघाले. भिंतीजवळ बझर वाजला. उभ्या बैलगाडीजवळ वाजला. शेजारच्या वहिनी समोरून आल्या तेव्हा वाजला, गाय आडवी गेली तेव्हा वाजला, आणि मग अंगणात कापसाची गंजी होती तिच्याकडे ते चालत गेले तेव्हा काठी गप्प राहिली. ते कापसात कमरेपर्यंत शिरले तरी ती बोलली नाही. मुले गोंधळून गेली. पण कारण सरळ होते. कापसाचे मऊ, पोकळ तंतू आवाज पिऊन टाकतात, त्याला परत पाठवत नाहीत. गोधडीचे, गवताच्या भाऱ्याचे तेच. गुळगुळीत पत्रा तिरका उभा असेल तर तो आवाज भलतीकडेच फेकतो. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे, पण ज्या वऱ्हाडात घरोघरी दिवाळीनंतर कापूस रचलेला असतो तिथे बसून काठी करताना ते आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. परतीच्या एसटीत मुलांनी आणखी एक हिशेब मांडला. आवाजाचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरतात, आणि आमच्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो ३५७ च्या आसपास जातो. म्हणजे तीन मीटरवरची वस्तू काठीला बारा सेंटिमीटर जवळ वाटणार. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, पण ती आपल्या मातीवर उभे राहून मोजली गेली, याचे मला फार अप्रूप वाटले.

काकाजी पांदणीपर्यंत जाऊन आले होते. त्यांनी ती काठी परत दिली आणि आपली बांबूची काठी उचलली. “माय,” ते मला म्हणाले, “हे काठी मले गोटे दाखवते. गोटे मले मालूम हायेत. नाली दाखवत नाही.” खरेच होते. सेन्सर समोर पाहत होता, खाली नाही, आणि गावात माणूस पडतो तो भिंतीवर आपटून नव्हे, नालीत पाय जाऊन. बांबूची काठी जमिनीला टेकते. ओल्या काळ्या मातीवर तिचा आवाज बसका येतो, मुरमावर खणखणीत, आणि नालीच्या काठाशी ती एकाएकी खाली जाते. शिवाय बझर वाजत असताना मागून येणाऱ्या मोटारसायकलचा आवाज झाकला जातो, हे त्यांनी सांगितले तेव्हा मुलीने आपल्या वहीत ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये लोकांच्या हाती आली, तीही मुळात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनच वाढलेली. तिची रचना मी तेव्हा नव्याने वाचली आणि मला आमच्या चुकांची यादीच सापडली. ते उपकरण पांढऱ्या काठीची जागा घेत नाही, तिच्या मुठीवर बसते. जमीन वाचण्याचे काम काठीकडेच राहते आणि सेन्सर फक्त गुडघ्याच्या वरचे पाहतो: झाडाची आडवी फांदी, ट्रकची मागची फळी, उघडी राहिलेली खिडकी. आणि ते वाजत नाही, तळहाताला थरथर देते, म्हणजे कान मोकळे राहतात. हे शहाणपण सर्किटात नव्हते, ते अंध माणसांबरोबर वर्षानुवर्षे चालून मिळाले होते. आम्ही एक रविवार चाललो होतो.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट काठीची नव्हतीच. चहा पिताना काकाजींनी मुलांना विचारले, “कागद वाचते काय तुमची मशीन?”

मुले माझ्याकडे पाहू लागली. मी काकाजींकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला रस्त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. अडचण कागदाची होती. सातबारा, सोसायटीची नोटीस, बियाण्याची पावती, लग्नपत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, यांतले काहीही त्यांच्यापर्यंत थेट पोहोचत नव्हते. प्रत्येक कागद दुसऱ्याच्या तोंडून यायचा, आणि त्या दुसऱ्याला तो आधी कळायचा. एकदा एका बँकेत एटीएम कार्डासाठी अर्ज दिला तेव्हा खिडकीवरच्या माणसाने त्यांना बाजूला उभे केले आणि माझ्या चुलतभावाला सांगितले, “यांना कार्ड देता येत नाही, खात्यावर तुमचे नाव घाला.” अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर या सगळ्या सोयी इतरांसारख्याच द्यायच्या, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सर्व बँकांना कळवलेले आहे. ते परिपत्रक छापून घेऊन तिसऱ्या खेपेला कार्ड मिळाले. मला राग कार्डाचा नाही आला. समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी त्याच्या मुलाशी बोलले गेले, त्याचा आला, आणि अजून येतो.

माधान हे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे गाव आमच्या तालुक्यातले. महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १८८१ ते १९१५ असे जेमतेम ३४ वर्षांचे आयुष्य, आणि त्यात शंभराहून अधिक ग्रंथ. काकाजी दरवर्षी तिथे जातात. लहानपणी ही गोष्ट मला चमत्कारासारखी वाटे. आता मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही प्रत्येक पान ऐकण्यासाठी कोणाचे तरी तोंड आणि प्रत्येक ओळ उतरवण्यासाठी कोणाचा तरी हात लागत होता. लुई ब्रेल यांची लिपी तेव्हा जगात होती. फ्रान्समधल्या खोगीर बनवणाऱ्याच्या या मुलाने, बापाच्याच कारखान्यात डोळा गमावलेल्या, १८२४ च्या सुमारास पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांची मांडणी बसवली होती. पण भारतीय भाषांसाठी एकसारखी भारती ब्रेल ठरायला १९५१ उजाडले. तिच्यात वेलांटी-उकार अक्षराच्या वर-खाली बसत नाहीत, क नंतर इ अशी सरळ रांग चालते, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांना आपापले एकेक घर मिळालेले आहे. मला ती रचना फार सुंदर वाटते. काकाजींना मात्र ती उपयोगी पडली नाही. ठिपका अर्ध्या मिलिमीटरएवढा उंच, दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर, आणि त्यांची बोटे चाळीस वर्षे बोंडांची टोके टोचून घट्टे पडलेली. आम्ही सहा महिने प्रयत्न केला. मोठेपणी दृष्टी गेलेल्या शेतकऱ्याला ब्रेल शिकवणे हा वेगळाच अभ्यासाचा विषय आहे, आणि त्याकडे अभियंत्यांनी पाहायला हवे असे मला मनापासून वाटते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहतात. डोळ्यांच्या अडचणी असलेले ५० लाखांवर आहेत. खेड्यातला अंध माणूस हा अपवाद नाही.

म्हणून त्या गटाने काठी सोडली आणि कागद धरला. फोनच्या कॅमेऱ्याने कागदाचे चित्र घ्यायचे, चित्रातली अक्षरे ओळखायची आणि ती मराठीत वाचून दाखवायची. ऐकायला सोपे आहे. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना एकमेकांत ओवून टाकते, जोडाक्षरे एकमेकांच्या पोटात शिरतात, आणि झेरॉक्सची झेरॉक्स असलेल्या नोटिशीवर ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक उरत नाही. त्याहून विचित्र अडचण संगणकावरच्या कागदांची निघाली. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या एका फाँटात टंकलेली फाइल डोळ्यांना अस्सल मराठी दिसते, पण तिच्या पोटात इंग्रजी अक्षरे असतात. तिच्यातला ‘कापूस’ हा शब्द काकाजींच्या फोनने “डी, के, आय, डब्ल्यू, एल” असा वाचला. कागदावर काहीच चुकलेले नव्हते. डोळस माणसाला ही चूक जन्मभर दिसणार नाही.

मग उच्चार. आपण ‘कापसाचा’ लिहितो आणि ‘काप्साचा’ म्हणतो. लिहिलेला कोणता अ बोलायचा आणि कोणता गिळायचा, हे यंत्राला नियमांनी किंवा उदाहरणांनी शिकवावे लागते. मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत, आणि लिहिताना ते सारखेच दिसतात. ‘जग फार मोठे आहे’ यातला जग आणि ‘तू शंभर वर्षे जग’ यातला जग. अर्थ कळल्याशिवाय उच्चार येत नाही. फोनने ‘चुकारा’, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हा शब्द चाकातल्या च ऐवजी चिमणीतल्या च ने वाचला, तेव्हा काकाजी बराच वेळ तो कोणता शब्द असावा याचा विचार करत बसले. आणि उलट दिशेने, ते फोनशी बोलू लागले की फोन अडखळतो, कारण वऱ्हाडात ‘डोळे’ हे ‘डोये’ असतात आणि ‘जवळ’ हे ‘जवय’. पुस्तकी मराठीवर शिकलेल्या यंत्राला आमचे बोलणे परके वाटते. हे दुरुस्त करता येते. त्यासाठी वऱ्हाडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, बायांचे, शेतमजुरांचे बोलणे त्यांच्या परवानगीने नोंदवावे लागेल, आणि ते काम पुण्या-मुंबईची नव्हे, आमच्याच महाविद्यालयांतली पोरे उत्तम करतील.

कॅमेऱ्याचे प्रकरणही असेच. अंध माणसांनी स्वतः काढलेली छायाचित्रे आणि त्यांनी विचारलेले प्रश्न यांचा ‘विझविझ’ नावाचा ३१ हजारांहून अधिक नोंदींचा संच संशोधकांनी २०१८ मध्ये खुला केला. त्यातली पुष्कळ चित्रे पुसट, तिरकी, अर्धवट असतात, आणि डोळस माणसांच्या नीटनेटक्या छायाचित्रांवर शिकलेली यंत्रे तिथे कोलमडतात. आमच्याही गटाने एक वर्णन सांगणारे अॅप काकाजींना दिले होते. अंगणातल्या कापसाच्या गंजीसमोर धरल्यावर ते ठामपणे म्हणाले, समोर बर्फाचा ढीग आहे. त्या यंत्राने पांढरे ढीग पाहिले होते ते थंड मुलखांतले. बर्फ म्हणाले तर काही बिघडत नाही, पण तेच यंत्र त्याच ठाम आवाजात कीटकनाशकाला टॉनिक म्हणाले तर? ज्याला पडताळून पाहता येत नाही त्याच्याशी बोलताना यंत्राने आपली शंका सांगितलीच पाहिजे, हे मी तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. फळीवरच्या सुतळ्या आम्ही सोडल्या नाहीत.

नोटांच्या बाबतीत तर काकाजी आमच्या पुढे होते. रिझर्व्ह बँकेचे ‘मणी’ हे नोट ओळखणारे अॅप १ जानेवारी २०२० ला आले, ते इंटरनेटशिवाय चालते, आणि मी मोठ्या उत्साहाने ते त्यांच्या फोनवर घातले. त्यांनी खिशातून तुरीची एक काडी काढून दाखवली. तिच्यावर तीन खाचा होत्या. नव्या नोटा रुंदीला सारख्या असल्या तरी लांबीला शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० असते. नोट काडीवर धरायची आणि कडा कोणत्या खाचेशी येते ते नखाने पाहायचे. चार मिलिमीटरचा फरक. बाजारात घामेजल्या हाताने, गर्दीत उभे राहून फोन रोखून धरण्यापेक्षा हे लवकर होते. ब्रेल यांची लिपी एका अंध मुलाने केली, संगणक बोलता करणारा मोफत ‘एनव्हीडीए’ २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला आणि जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच दृष्टी गेलेले टी. व्ही. रमण यांनी गणिताची समीकरणे आवाजातून कळतील अशी प्रणाली रचून १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ही नावे मी वर्गात नेहमी घेत आले होते. तुरीच्या काडीचे नाव मात्र मी त्यानंतर घेऊ लागले.

त्या गटाचा प्रकल्प पुरा झाला नाही. छापील, स्वच्छ, युनिकोडमधले कागद तो बरे वाचतो, हाताने लिहिलेल्या पावत्या वाचत नाही. मुले नोकरीला लागली, ती मुलगी अजून सुट्टीत येते आणि काम पुढे नेते. मधल्या काळात काकाजी फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय, शिकले. एका बोटाने चाचपायचे, ऐकायचे, दोनदा ठोकायचे. लेबल नसलेल्या बटणांवर ते चिडतात. पण संदेश वाचणे त्यांना पक्के जमले आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी गावी होते. कापूस विकून चार दिवस झाले होते, चुकारा खात्यात यायचा होता. संध्याकाळी ओसरीवर बसलेलो असताना फोन वाजला. काकाजींनी एकाच कानात इयरफोन घातला, दुसरा कान त्यांनी नेहमीप्रमाणे कोठ्यातल्या बैलांसाठी मोकळा ठेवला. बँकेचे संदेश इंग्रजीत येतात, पण ‘क्रेडिट’ म्हणजे आले आणि ‘डेबिट’ म्हणजे गेले, एवढे त्यांना पुरते. त्यांनी संदेश तीनदा ऐकला. आतून सूनबाईने विचारले, “बाबा, चुकारा आला काय? किती आला?”

“आला,” काकाजी म्हणाले. आकडा सांगितला नाही. थोड्या वेळाने फोन माझ्याकडे देत हळूच म्हणाले, “माय, इयरफोन नसला तं हा सगळ्याइले आयकू जाते. याचा आवाज आनखी कमी होते काय, पाय बरं.”